ग्रहणातलं पापलेट

"हिच्या हातचं नको. तू काप."

काकूंनी छत्रीच्या टोकानं माझा हात दाखवला. मी नुकतंच त्यांचं पापलेट साफ करून ठेवलं होतं. पोट धुतलेलं, तुकडे एकसारखे. पहिल्यांदाच आईनं गिऱ्हाइकाचा मासा माझ्या हातात दिला होता. मला वाटलं, काकू शाबासकी देतील. त्यांनी ते तुकडे छत्रीनंच बाजूला सारले. "हे दुसऱ्या कुणाला तरी खपव."

आईनं दुसरं पापलेट उचललं, कापलं, पिशवीत घातलं. वर मूठभर कोलंबी टाकली, फुकट. माझ्या हातापायी भरलेला दंड. काकू गेल्यावर मला हळूच म्हणाली, "बाय, हात फ्रॉकखाली घे."

नेरुळचा मासळी बाजार, भर सकाळ. शेजारच्या ओट्यांवरच्या सगळ्या बाया आमच्या सारसोळे गावच्या. सगळ्यांनी पाहिलं. पाहून आपापल्या मासळीवर पाणी शिंपडत राहिल्या. सोसायटीतल्या काकू म्हणजे आमचं पक्कं गिऱ्हाईक.

माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांना गाठी आहेत. लहानपणी वाटाण्याएवढ्या होत्या, मग सुपारीएवढ्या झाल्या. दुखायच्या नाहीत फारशा. पण हातात जोर नाही. बाटलीचं झाकण फिरत नसे. कळशी उचलली की बोटं सुटायची. शाळेत चार ओळी लिहिल्या की हात लुळा पडायचा आणि बाई म्हणायच्या, कामचोर. पुढे मला बघायला पाहुणे आले. मी चहा देताना त्यांनी हात पाहिला आणि अर्धे कप ठेवून उठले.

गावात याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मी पोटात असताना आईनं ग्रहणात कोयता धरला. आमच्यात दोन जिवाची बाई ग्रहणात काही कापत नाही, चिरत नाही. आई त्या दिवशी माल आवरून घरी निघाली होती. तेवढ्यात काकू आल्या. संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे होते, पापलेट साफ करून हवं होतं. आई म्हणाली, "ताई, गिरान लागलंय. मी दोन जिवाची हाय."

काकू हसल्या. "तुम्हा लोकांत कसलं आलंय ग्रहण? काप लवकर."

आईनं कापलं.

हे मला आईनंच सांगितलंय, रडत रडत, कितीतरी वेळा. ग्रहण आलं की ती ओटा बंद ठेवते, घरात कोपऱ्यात बसते आणि माझी बोटं मांडीवर घेऊन चोळत राहते. तिला काकूंचा राग कधी आला नाही. स्वतःचाच आला. चांगला मासा आला की तो मात्र काकूंसाठी बर्फाखाली झाकून ठेवायची. मला याची इतकी चीड यायची की माशाच्या पाटीला लाथ मारावीशी वाटे.

आईचे गुडघे गेले आणि ओटा माझ्याकडे आला. मी हाताला फडकं गुंडाळून बसायला लागले. गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी सुरमईच्या डोक्यावर कोयता मारला आणि मोडलं माझंच बोट. कडकन आवाज आला. शेजारणीला वाटलं, सुरमईचं हाड.

दवाखान्यात डॉक्टरनं एक्स-रे उजेडावर धरला. "कूर्चेच्या गाठी आहेत. कॅन्सर नाही, घाबरू नका. साधी गाठ आहे. पण हाड आतून पोखरलंय, वरचा पापुद्रा तेवढा राहिलाय. जोर लावलात की मोडणार." आधी हाड जुळू द्यायचं. मग ऑपरेशन करून गाठ खरवडायची, कमरेचं हाड घालून पोकळी भरायची. नंतर कित्येक महिने हात जपायचा.

मी विचारलं, "गिरनानं होतं का हे?"

"छे हो. कुणामुळेच होत नाही. हाड वाढताना कूर्चा आत राहून जाते."

साधी गाठ म्हणे. तिनं माझी शाळा खाल्ली, लग्न खाल्लं, आता हात खात होती. आणि कुणामुळेच नाही. मग माझी आई इतकी वर्षं शिक्षा कशाची भोगत होती? मी दवाखान्याच्या बाकावर बसून मोठ्यानं रडले. लोक बघत होते. बघू देत.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरला काय म्हायत? कोयता माज्या हातान व्हता."

त्या दिवशी मी खाडीच्या कडेला जाऊन उभी राहिले. कापणारा हात नसेल तर ओट्यावर गिऱ्हाईक फिरकत नाही. ओटा गेला तर आम्ही दोघी खाणार काय? आईला पटत नाही, हाताला जोर नाही. खरं सांगते, परत फिरावंसं वाटत नव्हतं. आई घरात एकटी होती, म्हणून फिरले.

प्लास्टरचा हात घेऊन, गाठींची बाकी दोन बोटं उघडी ठेवून पुन्हा ओट्यावर बसले. आईला मागे बसवलं होतं. काकू आल्या. आता केस पांढरे, छत्रीच्या जागी काठी.

"अगं, त्या हातावर काहीतरी झाक. किळस येते. आणि कापायला आईला दे."

आई लगेच गुडघे धरून उठायला लागली. कोयत्याकडे हात नेला. मी प्लास्टरचा हात कोयत्यावर ठेवला.

"ताई, मी पोटात होते तवा तुमी आईला गिरनात पापलेट कापायला लावलंत. आठवतं?"

काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या. "मला नाही बाई आठवत. काहीतरीच."

खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलत असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"तुमाला मासा नाय," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"कापलेला नाय. अख्खा पन नाय."

त्या पुढच्या ओट्यावर गेल्या. त्यांच्या सोसायटीतल्या बायकाही हळूहळू तिकडे वळल्या. आई म्हणाली, "पक्कं गिऱ्हाईक घालवलंस, बाय." त्यानंतर ती माझ्याशी धड बोललेली नाही.

हाड जुळलं की मी ऑपरेशन करून घेणार आहे. तेव्हा आई ओट्यावर बसेल. मासा अख्खा विकायचा, कुणाच्या सांगण्यावरून कोयता धरायचा नाही, हे मी तिला बजावलंय. ज्याला चिरून हवा त्यानं घरी नेऊन चिरावा. जी गिऱ्हाइकं टिकतील तेवढ्यांवर जगू.

पण हात बरा झाल्यावर पहिलं ग्रहण लागेल त्या दिवशी आमचा ओटा उघडा असेल. आईला रिक्षात घालून आणेन, समोर बसवेन. फडकं न गुंडाळता, ह्याच हातानं पापलेट कापेन. तिनं डोळे मिटले तर थांबेन. उघडले की पुन्हा कापेन.