तेलाचा हात दिलेली डाळ

अमरावतीच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये दिव्यांचं काम नवऱ्याचं आणि कॅमेऱ्याचं माझं. डाळीतले डागी दाणे ओळखून बाहेर फेकणारा कॅमेरा आम्ही मिलमध्ये बसवून द्यायचो. नवरा वारल्यावर, त्यानेच जाऊन ठरवलेलं अकोल्याच्या एका दाल मिलचं काम मी पहिल्यांदाच एकटीने घेतलं. जमलं तर वर्कशॉप चालू ठेवायचं, नाही तर कुलूप लावायचं, एवढं ठरवून निघाले.

मशीन सुरू करताच चांगली तूरडाळ धडाधड बाहेर पडू लागली.

"म्याडम, हा तं चांगल्याच डाळीले खराब म्हणून राहिला!" मालक म्हणाले. "संध्याकाळपर्यंत जमवा, नाही तं घेऊन जा वापस."

चूक माझीच होती. चाचणी मी कोरड्या डाळीवर घेतली होती. इथे डाळीला तेलाचा हात देऊन मगच पट्ट्यावर सोडतात. गिऱ्हाइकाला चमक लागते. ती चमकच कॅमेऱ्याला पांढरा डाग वाटत होती. दिवे मंद केले, तिरपे केले. चमक फक्त जागा बदलायची. असं अडलं की मी मागे वळून नवऱ्याला "तू बघ जरा" म्हणायचे. वळलेच. मागे पोत्यांची थप्पी होती.

त्याची बॅगही मी सवयीने बरोबर आणली होती. तिच्या तळाशी चकाकी अडवणाऱ्या पोलरायझर फिल्मची गुंडाळी सापडली. एक तुकडा दिव्यापुढे लावला, दुसरा भिंगापुढे धरून हळूहळू फिरवला. दोन्ही एकमेकांना आडवे आले तशी पडद्यावरची चमक विझली. तेलावरून थेट उसळणारा उजेड अडला. दाण्यात शिरून पसरलेला तेवढा कॅमेऱ्यापर्यंत पोचला. चित्र काळवंडलं, म्हणून दिवे वाढवले. आता डाग होते तिथेच डाग दिसत होते.

"चष्मा लागला म्हणा याले!" मशीन चालवणारा हसला. "माह्या सासऱ्याले बी द्या एखादा. त्यायले माह्यातलं चांगलं दिसतच नाई."

मीही हसले. मालकांनी ओंजळभर डाळ उजेडात धरून पाहिली आणि चहा सांगितला.

"साहेब नाही आले या वक्ती? सांगा त्यायले, मस्त चालून राहिली."

"सांगते," म्हटलं. खुलासा करत बसले असते तर बस चुकली असती.

बसमध्ये माझी बॅग मांडीवर, त्याची शेजारच्या सीटवर ठेवली. मूर्तिजापूरला एक बाई चढली.

"इथं कोनी हाये का, ताई?"

"नाही," म्हणाले, आणि तीही बॅग मांडीवर घेतली. फिल्म जेमतेम दोन बोटं उरली होती. सकाळी वर्कशॉप उघडल्यावर आधी नवी गुंडाळी मागवायची होती.