ताईची हार्ड डिस्क

मी अमरावतीत शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणजे घरादारात मीच शहाणी. कोणाचा प्रिंटर अडो, कोणाचा मोबाइल रुसो, बोलवा मलाच. त्याच तोऱ्यात गेल्या दिवाळीत अकोल्याला गेले आणि ताईच्या तोंडचा घास काढून आले.

ताई घरी बसून लग्नपत्रिका टाइप करून देते. तिचा कॉम्प्युटर भल्ला जुना. सुरू करून दळण आणायला गेलं तरी चालायचं. "कायतरी स्वस्तात कर न वं," ती म्हणाली. नवा घ्यायची ऐपत तिचीही नव्हती नि माझीही. मी सेकंडहँड रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसवायला एक छोटी एसएसडी घेऊन गेले. नवी विंडोज टाकली, तिच्या फायली उतरवल्या. बटण दाबलं आणि ताई "अवं माय!" म्हणायच्या आत स्क्रीन उजळली. मीच माझ्यावर खूश.

"एखादी पत्रिका उघडून पाहाची काय?" ताईनं विचारलं.

"सारं आलं वं. तू चहा ठेव आंधी."

फोटो उघडले, गाणी वाजली. पत्रिका मात्र मी उघडून पाहिलीच नाही. मस्ती, दुसरं काय! जुनी हार्ड डिस्क मी पर्समध्ये घातली. आमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये जागा पुरत नव्हती, आणि नवी डिस्क घ्यायची म्हणजे पुन्हा खर्च. घरी आल्या आल्या ती पुसली. नवऱ्यानं तीत सिनेमे भरले.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. लग्नसराई तोंडावर, आणि तिच्या पत्रिकांत अक्षरांऐवजी नुसत्या चौकटी. ज्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर तिची बोटं धावायची, ते नव्या विंडोजवर चालतच नव्हतं. त्याची सीडी तर केव्हाच खराब झालेली.

"जुनी डिस्क वापस लावून दे न," ती म्हणाली. "इतकंच तं काम हाय."

इतकंच! खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण जीभ कशी वळली बघा. "ताई, ते डिस्क खराबच झाली होती. आज ना उद्या बसलीच असती."

ती म्हणाली, "मंग बरं झालं बाप्पा, तू येळेवर आली. नाही तं फोटोबी गेले असते."

वर आणखी आभार! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला. नंतर तिला मराठी टायपिंगचं दुसरं सॉफ्टवेअर टाकून दिलं, पण त्यात निम्मी जोडाक्षरं भलत्याच बटणांवर. न पाहता टाइप करणारी माझी ताई आता एका बोटानं अक्षर शोधत बसते, आणि तिची मोठी कामं बाजारातल्या दुकानात जातात. तरी भेटेल त्याला सांगते, लहानीनं वाचवलं. मी तिचा फोन उचलायचं टाळायला लागले.

परवाच्या रविवारी ताईची एक मैत्रीण चांदूर बाजारहून एसटीनं आली, गोधडीत बांधलेला सीपीयू मांडीवर घेऊन. तीही टायपिंगच करते, तसल्याच जुन्या सॉफ्टवेअरवर.

"तुमची ताई म्हणे, डिस्क बसाच्या आंधी बदलून घे. माह्या बहिणीले सारं समजते म्हणे."

"याले हात लावू नका," मी म्हणाले. "चालते तसं चालू द्या."

"काहून? तिची तं खराब झाली होती न?"

"नव्हती झाली. मी पुसली."

झालं, निघालं तोंडातून. बाईनं गोधडीची गाठ पुन्हा आवळली. "मले सांगून काय फायदा? तिले सांगा." आणि स्वतःच्या मोबाइलवरून ताईला फोन लावून माझ्या हातात दिला.

पलीकडे ताई हसतच बोलायला लागली. "काय वं, झालं काय तुयं काम? सांगतलं होतं न, माह्यी लहानी हुशार हाय म्हणून?"

"ताई," मी म्हणाले, "मीच बोलून राहिली."