वळणावरचा ओटा

पवनचक्कीचं पातं किती लांब असतं हे ते जमिनीवर आडवं पाहिल्याशिवाय कळत नाही. आकाशात फिरताना ते हलकं, नाजूक दिसतं. ट्रेलरवर बांधून गावात येतं तेव्हा त्याच्यापुढं गाव लहान होतं. सोयगाव तालुक्यातल्या ज्या गावात आमच्या कंपनीचं काम चाललं होतं, तिथल्या शाळेच्या पटांगणात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ठेवलं असतं तरी मावलं नसतं. आणि अशी कितीतरी पाती एका अरुंद वळणावरून पठारावर न्यायची होती.

त्या वळणाच्या एका बाजूला माजी सरपंचांचा गोठा होता, दुसऱ्या बाजूला बौद्ध वस्तीचा ओटा. ओट्याच्या मधोमध झेंड्याचा खांब. वस्तीतल्या बायकांनी ओढ्यातून डोक्यावर दगड आणून तो बांधला होता. संध्याकाळी तिथं वंदना व्हायची, आणि परीक्षेच्या दिवसांत मुलं तिथंच दिव्याखाली अभ्यासाला बसायची. ट्रेलर वळवायचा तर पात्याच्या शेपटाला एका बाजूची जागा मोकळी हवी होती. कुठलीही एक. आमच्या सर्व्हेवाल्यांनी दोन्ही बाजू मोजून तसं मला सांगितलं होतं.

मी कंपनीत गावसंपर्काचं काम करतो. हा प्रकल्प गावाबरोबर भागीदारीत होता. पठारावरचं गायरान गावाचं, यंत्रं कंपनीची, आणि विजेच्या उत्पन्नात गावाचा हिस्सा. त्यासाठी गावाची समिती होती, आणि रस्त्यापासून झाडांपर्यंत प्रत्येक गोष्ट ग्रामसभेत ठरवायची असा करार होता. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करायचे, आई लोकांच्या शेतात. खुलताबादच्या शाळेत शिकलो, मग शहरात वसतिगृहात राहून इंजिनिअर झालो. ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण उपकार मानायची सवय फार अंगात मुरली की माणूस कपभर चहाचेही उपकार मानू लागतो, हे मला त्या गावात कळलं.

पहिल्या दिवशी मी समितीच्या अध्यक्षांकडं गेलो. हेच ते माजी सरपंच. गाव त्यांना तात्या म्हणायचं. आपल्याकडं पाहुण्याला पाणी देता देताच विचारतात, तसं त्यांनी विचारलं,

"पाव्हणं कोणच्या गावचं?"

"खुलताबादकडचा."

"आडनाव?"

मी आडनाव सांगितलं. ते आडनाव मराठ्यांतही असतं, आमच्यातही असतं.

तात्यांचा चेहरा खुलला. "मंग आपलेच की! वेरुळाकडं आमचे सोयरे हायत ह्याच आडनावाचे. अगं ए, च्या टाक, घरचाच माणूस आलाय."

मी काहीच खोटं बोललो नाही. फक्त हसलो. चहा कपबशीत आला, मी प्यायलो, आणि त्या एका हसण्यावर पुढचं वर्षभर त्या घरात माझं ताट वाढलं गेलं.

वस्तीतली माणसं रस्त्यात भेटली की "नमस्कार साहेब" म्हणायची. लहान पोरंसुद्धा. शहरात मुकुंदवाडीला आम्ही राहतो तिथं दिवसातून दहा वेळा जय भीम घालतो, घेतो. इथं कोणीच घालत नव्हतं. मला वाटायचं, त्यांना माहीत नाही. मला बरंच वाटायचं.

वळणाचा प्रश्न समितीपुढं आला तेव्हा बैठक तात्यांच्याच ओसरीवर होती.

"गोठा काढायचा म्हंजे दुभती जनावरं काय माझ्या उरावर बांधता?" तात्या म्हणाले.

"तुमच्या माडीवर चढवा की, तात्या," एक सभासद म्हणाला. "म्हशीला बी जरा वारा लागंल."

सगळे हसले. तात्याही हसले. मग म्हणाले, "तिकडं काय, एक ओटा तर हाय. काढू आन पुन्हा बांधून देऊ. टाइल लावून देऊ, चकाचक." मग माझ्याकडं वळून, मायेनं, "साहेब, तुम्हीच जाऊन समजावा. शिकलेल्या माणसाला लई मानतात ते लोक."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वस्तीत गेलो. ज्या मावशींच्या पुढाकारानं ओटा बांधला होता त्या दारात तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. मला पाहून सूप बाजूला ठेवून उठल्या. "या साहेब," म्हणाल्या आणि आत घेऊन गेल्या. मी बसल्यावर त्यांनी दार लोटलं आणि हात जोडले.

"जय भीम, लेकरा. तुझ्या आईचे गुडघे कसे हायत आता?"

माझ्या तोंडून जय भीमही निघेना.

"म्या तुझ्या आईच्या माहेरची," त्या म्हणाल्या. "तिच्या लग्नात म्या वरातीत नाचलेली हाय. पहिल्या दिशी तू जीपमधून उतरला तवाच वळखलं. चालणं तुझ्या बापाचं हाय."

"मग तुम्ही इतके दिवस..."

"पोरांनी येऊन सांगितलं, साहेबाला तात्याच्या घरी ताटात वाढत्यात. म्या म्हणलं, बरं हाय. कुणी रस्त्यात त्याला जय भीम घालायचा नाय. नमस्कार साहेब म्हणायचं. पोराची नवी नोकरी हाय, आपल्यापायी अडचण नको."

सगळ्या वस्तीला माहीत होतं. मी जे लपवत होतो ते पन्नास घरं माझ्यासाठी लपवत होती. हायस्कूलच्या पोरांपासून काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकानं मला रस्त्यात पाहून तोंडावर आलेला शब्द गिळला होता. मी खाली मान घालून शेणानं सारवलेल्या जमिनीकडं पाहत राहिलो. त्यांनी चहा दिला. त्यांच्याकडंही कपबशीच होती.

"बोल, काय निरोप घेऊन आलास?"

मी वळणाचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग एकच प्रश्न विचारला.

"पातं दोन्हीकडून जातं का?"

"जातं, मावशी. गोठ्याकडूनही जातं."

"मंग सभेत एवढंच सांग. आमची बाजू घेऊ नको. आम्ही भांडायचं ते भांडू. तू फकस्त जे हाय ते सांग. आमचं कोण ऐकणार नाय, पण तुझं ऐकत्याल."

मी हो म्हणालो. वाटेत पुन्हा पुन्हा मनात घोकलं. साधं वाक्य होतं. पातं दोन्ही बाजूंनी जातं.

ग्रामसभा शाळेत भरली. तात्या खुर्चीवर, शेजारी ग्रामसेवक, त्यांच्या शेजारी मी. वस्तीतली माणसं खिडकीकडच्या बाजूला. मावशी पुढं बसल्या होत्या. विषय आला तशा त्या उठल्या.

"गोठा बी वळणावरच हाय," त्या म्हणाल्या. "ओटाच का? साहेबांनी मोजणी केलीय. त्यांना विचारा."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत धाक नव्हता. धाक असता तर कदाचित मी बोललोही असतो. घरच्या माणसाकडं पाहावं तसं ते पाहत होते, जणू उत्तर आमचं दोघांचं आधीच ठरलेलं आहे.

"सांगा साहेब. वट्याकडूनच जातंय ना?"

"ओट्याकडून सोयीचं पडेल," मी म्हणालो.

सोयीचं. हा शब्द कुठून आला मला अजून माहीत नाही. तो खोटाही नव्हता. सोय होतीच, माझी.

वस्तीतला एक तरुण ताडकन उठला. "साहेब, तुम्ही आमच्या..." एवढंच तो बोलला. मावशींनी त्याचा हात धरून त्याला खाली ओढलं. त्याचं वाक्य पुरं झालं असतं तर माझी कपबशी तिथंच संपली असती. त्यांना ते पक्कं माहीत होतं. ओटा वाचवायला तेवढं एक वाक्य पुरलं असतं, की साहेब तुमचे नाहीत, आमचे आहेत, आता विचारा त्यांना. त्यांनी ते वापरलं नाही.

"साहेब म्हणत्यात तर आम्ही काढतो," त्या सभेला म्हणाल्या. "पण वट्याला यंत्र लावायचं नाय. आमचं आम्ही काढू. आन बांधायचा बी आमचा आम्ही. टाइल नको."

"अहो, फुकट देतोय की!" कोणीतरी म्हणालं.

"फुकट नाय आलेला तो वटा," मावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

कार्यवृत्तात 'एकमताने मंजूर' असं लिहिलं गेलं. आमच्या मुख्य कार्यालयात वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. भागीदारी म्हणजे काय हे या गावाकडून शिकावं, म्हणाले.

वस्तीनं ओटा उतरवला. बायका एकेक दगड काढून शाळेच्या भिंतीशी रचून ठेवत होत्या. झेंडा मावशींनी स्वतः उतरवला, घडी घालून पदराखाली धरला आणि घरात नेला. मी रस्त्याच्या पलीकडं जीपपाशी उभा होतो. एक दगड उचलायला जावं असं वाटलं. पण मग तात्यांना काय सांगायचं, हा विचार आधी आला. मी फोन कानाला लावला. पलीकडं कोणी नव्हतं.

पाती आली. त्यांचं शेपूट मोकळ्या जागेवरून सरकत गेलं, गोठ्यातली जनावरं रवंथ करत बसून राहिली. गावानं टाळ्या वाजवल्या. पठारावर यंत्रं उभी राहिली आणि फिरूही लागली. ती फिरताना पाहून मला जो आनंद झाला तो खरा होता, हेही लिहिलं पाहिजे.

पुढं वस्तीनं ओटा पुन्हा बांधला. उद्घाटनाचं आमंत्रण मला आलं नाही, माझ्या आईला आलं. मावशींनी फोन करून तिला माहेरची म्हणून बोलावलं. आई फार हरखली. ठेवणीतलं पांढरं पातळ काढलं. मी तिला जीपनं घेऊन गेलो, पण वस्तीपर्यंत नाही. गावाबाहेर फाट्यावर उतरवलं.

"तू येत नायस?"

"वर काम आहे, आई. मशीन बघायचंय."

मशीनला काही झालेलं नव्हतं. मी पठारावर जाऊन जीपमध्ये बसलो. खालून कर्ण्यावरची वंदना ऐकू येत होती. वारा पडला की आवाज जायचा, सुटला की परत यायचा. मला ती सगळी पाठ आहे. ओठ हलले नाहीत.

दुपार कलल्यावर फाट्यावर गेलो. मावशी आईला सोडायला आल्या होत्या, पण जीप दिसताच लांबूनच मागं वळल्या. आई आत बसली. तिच्या हातात खिरीचा डबा होता.

माझी आई बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही माझी नोकरी सांगते. मुलगा इंजिनिअर आहे, पवनचक्क्या उभारतो. तिच्या बोलण्याची सुरुवातच तिथून होते. त्या दिवशी मात्र ती डबा मांडीवर धरून खिडकीबाहेर पाहत होती. मीच विचारलं, कसं झालं म्हणून.

"लई चांगलं झालं. मला पुढच्या रांगेत बसवलं." मग म्हणाली, "गेल्या गेल्या तिनं मला बाजूला घेतलं. म्हणली, ताई, हितं पोराचं नाव काढू नको."

मी रस्त्याकडं पाहत गाडी चालवत होतो.

"तुम्हाला किती पोरं, काय करत्यात, बाहेरगावच्या लई जणींनी विचारलं," आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सोपवलेलं काम नीट पार पाडल्यासारखं ती सांगत होती. "दिवसभर नाय काढलं बघ तुझं नाव."