उपरण्याखालचा हात

बैल असो, चप्पल असो की सोयरिक, चालवून पाहिल्याशिवाय पसंत करायची नाही, या एका तत्त्वावर उभा जन्म काढलेला माणूस मी एकच पाहिला. ते माझे मामा. काष्टीच्या बाजारात ते बैलांचे दलाल होते. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत; उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. ही सवय मामांना इतकी जडली होती की भाऊबीजेला काय हवं, हेसुद्धा त्यांनी माझ्या आईला उपरण्याखालीच विचारलं होतं. नवी चप्पल घेतली की ती पायात घालून वेशीपर्यंत जाऊन यायचे आणि तोवर दुकानदार बिचारा रस्त्याकडे डोळे लावून बसायचा. मामींना पाहायला गेले तेव्हा म्हणे त्यांनी आडापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. मामी म्हणाल्या, "आदी तुमी चाला." मामा मुकाट चालले, आणि लग्न ठरलं.

मी मॅट्रिक झालो तेव्हा आमच्याकडे शिकलेल्याने मास्तर व्हायचं, फारच हुशार निघाला तर बी. ए. करून वकिलीकडे वळायचं, असा शिरस्ता होता. पण दुसरं महायुद्ध संपत आलं तशा पुण्या-मुंबईकडे नव्या कंपन्या निघू लागल्या होत्या आणि त्यांना कॉमर्स शिकलेली मुलं हवी होती. मला तेच शिकायचं होतं. पारनेरकडे कोरडवाहू शेती करणाऱ्या माझ्या वडिलांना ते पटेना. त्यांनी निवाडा मामांवर सोपवला. मामा म्हणाले, आधी कॉलेज बघू.

पुण्याच्या प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझे मार्क पाहून नकारार्थी मान हलवली. जागा थोड्या होत्या आणि माझं इंग्रजी कच्चं होतं. मी उठायच्या बेतात होतो. मामांनी मात्र खांद्यावरचं उपरणं हातावर टाकलं आणि तो हात टेबलावरून साहेबांपुढे धरला.

"सायेब, बुजरं हाय, पन बसकं न्हाई, वाटंत बसनार न्हाई. सा म्हैने जुंपून बगा. न्हाई वढलं, तर मी सवता माघारी न्हेतो."

मी फरशीकडे पाहत राहिलो. साहेबांनी आधी उपरण्याकडे, मग मामांकडे पाहिलं. मग काय करायचं ते नीटसं न कळताच त्यांनी उपरण्याखाली हात घातला.

सहा महिन्यांनी मामा खरोखर आले, माझी वळकटी बांधायला दोर घेऊन. दारातूनच त्यांनी विचारलं, "वढतंय का?"

"ओढतोय," साहेब म्हणाले. "दोर परत न्या."

पदवी मिळाली, कंपनीत नोकरीही लागली. मामांना कंपनी समजावून सांगताना मात्र माझी सगळी विद्या पणाला लागली. शेकडो भागीदार, आणि कुणी कुणाचं तोंडही पाहिलेलं नाही, हे ऐकून ते काळजीत पडले. मग हात कुणी कुणाचा धरायचा, हा त्यांचा प्रश्न. मी म्हणालो, कागदावर सह्या होतात.

"कागदाला बोटं नसत्यात, भाच्या. तू तितं हायेस न्हवं? मंग मान्साचा हात धरीत जा."

नोकरीवर निघण्याआधी निरोप घ्यायला मी बाजारात गेलो, तेव्हा त्यांनी उपरणं पुढे केलं. पगार विचारत असतील असं वाटून मी आत हात घातला आणि बोटं दाबू लागलो. त्यांनी माझी मूठ हळूच मिटवली आणि ती नुसती धरून ठेवली. भोवती बाजार चालला होता.

आता माझ्या टेबलासमोर कधी एखादा खेड्यातला उमेदवार इंग्रजीत अडखळतो. मी त्याला सहा महिने ठेवून घेतो. माझ्या खांद्यावर उपरणं तेवढं नसतं.