बायनामामीच्या नावाचा कॅमेरा

माझ्या रायभानमामांना उभ्या जन्मात कुणाशी भांडता आलं नाही. म्हणून जालन्याला जुना कॅमेरा घ्यायला निघाले, तेव्हा मामीने मला सोबत घेतलं. माझ्या तोंडाचा तेवढा लौकिक आहे.

मामा जाफराबादचे जुने फोटोग्राफर. तीस वर्षं लग्नं, बारशी, मयती त्यांनी एकाच रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर टिपल्या. त्याच्या काचेतून माणूस दोनदा दिसायचा. भिंगाची कडी फिरवून दोन्ही चेहरे एकावर एक आणायचे, मगच बटण दाबायचं. तालुक्यात कुणाचा फोटो राहिला नाही, राहिला तो बायनामामीचा. "रोलमधला शेवटचा तुझा," मामा म्हणायचे, आणि शेवटच्या फोटोला हमखास कुणीतरी गिऱ्हाईक दारात उभं. मामी मुकाट्याने चुलीकडे वळायची. मला दोघांचाही राग यायचा.

कॅमेरा नवा होता तेव्हा मामी घागरीवर नाव टाकायला भांड्याच्या दुकानात निघाली होती. मामा म्हणाले, "ह्याच्यावरबी टाकून आण, चोरीला जायचं भ्याव न्हाई." कुणाचं टाकायचं हे सांगायचं राहिलं. आमच्याकडे भांड्यावर बाईचंच नाव असतं, म्हणून कॅमेऱ्याच्या बुडाला 'सौ. बायनाबाई रायभान' कोरून आलं. मांडवात लोक चिडवायचे, "बायकोचा मागून आणला काय, फोटोग्राफर?"

चार वर्षांमागं तो अडकायला लागला. मामांनी जालन्यात राधेश्याम नावाच्या दुकानदाराकडे दुरुस्तीला दिला. माणूस ओळखीचा, म्हणून पावती घेतली नाही. सहा चकरा मारायला लावून तो म्हणाला, "गोडाऊनमध्ये हरवला, बाबा. तसाबी भंगारच होता." आणि मामा गपगुमान परत आले!

यंदा मामीच बोलली, "मी गेल्यावर हार कशाला घालता? आधार कार्डावरच्या फोटोला?" मामांना ते लागलं. मोबाइलवरचा फोटो त्यांच्या लेखी फोटोच नव्हे. त्यांनी कुठूनसा एक रोल मिळवला आणि आम्ही तिघं एसटीत बसलो.

पहिल्या दुकानात मामा कॅमेरा डोळ्याला लावून समोरच्या पाटीवरची अक्षरं जुळतात का बघत होते, तर मालक म्हणाला, "घ्यायचा का नुस्तं बघायचं?" दुसऱ्याने 'अँटिक' म्हणत असा भाव सांगितला की मी त्याला तिथंच झाडला. उरलं राधेश्यामचं दुकान. मामा पाय मागं घेत होते. मी ओढत नेलं.

तिथं प्री-वेडिंगसाठी भाड्याने द्यायच्या वस्तूंची मांडणी होती: छत्र्या, कंदील, जुनी सायकल, आणि सोनेरी रंग फासलेला एक कॅमेरा. मामांनी तो उचलला. कडी फिरेना. बटणात गोंद भरलेला. मागचं झाकण उघडलं तर आत पोकळ. मामीने कॅमेरा घेऊन उलटा केला. बुडाला रंग नव्हता. मामीला वाचता येत नाही, पण घरातल्या प्रत्येक भांड्यावर बघून बघून आपल्या नावाचा आकार तिला पाठ आहे.

"हे माझं हाय," ती म्हणाली.

"मावशी, असे शंभर येतात," राधेश्याम म्हणाला.

"शंभरावर माझंच नाव हाय का रे?" मी ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबली. "आतलं सामान कुठंय?"

तो नजर चुकवत म्हणाला, "ते विकलं. जुन्या कॅमेऱ्याला पार्ट लागतात. न्या तुम्ही हा फुकट. मावशी, इकडं बघा, मोबाइलवर फोटो काढून देतो जल्दी."

मामीने पदर तोंडावर ओढला.

आणि मामा, ज्यांचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता, ते कडाडले, "खबरदार! तिचा फोटो मी काढणार होतो. तीस वर्षं तिला थांबवून ठिवलं मी, अन् तू त्याचं खेळणं करून राह्यला?"

मामीने कॅमेरा पदराने पुसला, पण सोनेरी रंग काही निघेना. ती राधेश्यामला शांतपणे म्हणाली,

"भांडं चोरणारा आधी नाव घासून टाकतो बाबा. तेवढी तरी लाज असते त्याला. तू तेवढंबी न्हाई केलंस."