रोज धुतलेली गाडी

घरात पहिली चारचाकी येणं हा कुटुंबाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा असतो. आमच्या घरात तो नळाला पाणी नसल्यामुळे आला.

दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं आणि शहर मात्र बीड बायपासच्या पलीकडे पसरत चाललं होतं. तिथंच आम्ही फ्लॅट घेतला. बिल्डरच्या माहितीपत्रकात कारंजं होतं. प्रत्यक्षात बोअर आटलेला, आणि टँकर कधी येईल हे टँकरवाला सांगेल तेव्हा कळायचं. हर्सूलला माझ्या बहिणीच्या बोअरला अजून पाणी होतं. तिथून मी स्कूटरवर दोन कॅन आणायचो. दुसऱ्यांदा घसरून पडलो, तेव्हा बायकोनं सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत पाण्याचं काहीतरी बघा. नाहीतर मी पोरीला घेऊन सोयगावला चालले. तिथं शाळाही आहे आणि विहिरीला पाणीही." बायको नुसत्या धमक्या देत नाही. तिनं तिथल्या शाळेत चौकशीही केली होती.

म्हणून खिशाला झेपेल अशी जुनी, छोटी, डिकीत कॅन मावतील अशी गाडी शोधू लागलो. सिडकोत एका निवृत्त अधिकाऱ्याची गाडी विकायची आहे असं कळलं. सोबतीला बायकोचा भाऊ सोयगावहून आला. तो शेती करतो, आणि ट्रॅक्टर पारखता येतो त्याला काहीही पारखता येतं अशी त्याची समजूत आहे.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब पाइप धरून गाडी धूत होते. फाटकाखालून पाण्याचा ओघळ पार कोपऱ्यापर्यंत गेला होता. आम्हाला पाहूनही त्यांनी टप पुरता धुऊन झाल्याशिवाय पाइप खाली ठेवला नाही.

"घेतल्यापासून रोज आंघोळ घालतो," ते म्हणाले. "तिच्याआधी मी चहा घेत नाही."

"दुष्काळातसुद्धा?" मी विचारलं.

"शिस्त म्हणजे शिस्त."

तेवढ्यात मेहुण्यानं मागच्या बंपरवर बसकण मारली आणि वरखाली होऊ लागला.

"अहो, उतरा! गाडी आहे ती, बैलगाडी नव्हे."

"बसून बघितल्याबिगर शॉकप कसं कळायचं, साहेब? दाजीला पाणी आणायचंय हिच्यात. लई वजन पडतंय."

"पाणी? माझ्या गाडीत?" साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या देवघरात म्हैस बांधायला मागत होतो. "टेम्पो बघा."

"तुमच्या फाटकाबाहेर गेलं तेवढं पाणी न्यायचं असतं, तर टेम्पोच बघितला असता," मी म्हणालो.

या बोलण्यावर व्यवहार मोडायला हवा होता. पण मी तोवर आत बसून पायाखालची रबरी मॅट उचलली होती. खालचा पत्रा गंजून त्याची चाळणी झाली होती आणि त्यातून खालची ओली फरशी दिसत होती. आमच्याकडे गाड्या धुळीनं खराब होतात. ही आंघोळीनं झाली होती.

मी साहेबांना दाखवलं.

"पायाखाली कोण बघतं?" ते म्हणाले.

"पाय ठिवणारा बघतो की," मेहुणा म्हणाला.

आपण कोणत्या पदावरून निवृत्त झालो, हे साहेबांनी आता आवाज चढवून सांगितलं. त्या पदाचा पत्र्याशी काय संबंध, असं मी विचारलं. तेव्हा व्हरांड्यातून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "देऊन टाका हो. आधी बघायला आलेलेही मॅट उचलून बघूनच परत गेले."

त्यानंतर भाव आमच्या आवाक्यात उतरला.

गाडी ताब्यात देताना साहेबांनी बॉनेटला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढायला लावला आणि दोन्ही हातांनी किल्ली दिली. "लेक सासरी पाठवतोय असं वाटतंय."

"व्हय," मेहुणा म्हणाला, "पण पत्रा सासरच्यांनीच मारायचा."

"रोज धुवाल ना?" साहेबांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. एवढं एकच उत्तर मी त्यांना मनापासून दिलं. त्यांनी पुढे केलेला पेढ्याचा बॉक्स मिटून घेतला.

तळाला नवा पत्रा मारून घेतला, मागचं सीट काढून माळ्यावर टाकलं. बायको सोयगावला गेली नाही; हर्सूलला जाताना ती पुढं बसते आणि पोरगी तिच्या मांडीवर. मागं सगळे कॅन, त्यामुळे आणखी कुणाला बसायला जागा उरत नाही. मेहुणा आला की स्टँडवरून रिक्षा करून घरी येतो.