दोनाचा सात

दोन आणि सात हे वेगळे आकडे असतात, हे मला पहिलीत छडी खाऊन कळलं होतं. बावन्नाव्या वर्षी मी ते विसरलो. विसरलो म्हणजे काय, चष्मा घरी टीव्हीवर ठेवून दुकानात गेलो. मुद्दाम ठेवला. केसाएवढ्या काचेच्या तारा जोडून पोट भरणाऱ्या माणसाला जवळचं दिसत नाही, ही बातमी अमरावतीच्या राजापेठेत फुटू नये अशी माझी इच्छा होती. जोडणीचं मशीन तार पडद्यावर दोरखंडाएवढी करून दाखवतं, त्यामुळे माझं चारचौघांत झाकून होतं.

त्या दिवशी अकोल्याला न्यायची केबल मी फळीवरून काढली. फळीवर दोन रिळं, दोन्ही पिवळी, दोन्ही सारख्याच जाडीची. एकाच्या केबलवर इंग्रजीत ६५२ छापलेलं, दुसऱ्याच्या ६५७. छपाई मुंगीच्या पायांएवढी. मी रीळ हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले, आणि शेवटचा आकडा सात आहे असं ठरवलं. वाचलं नाही, ठरवलं.

अकोल्याला माझ्या बायकोची मोठी बहीण, आमच्या ताई, राहतात. त्यांचे यजमान, म्हणजे माझे साडभाऊ, गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांची मुलगी पुण्याच्या एका कंपनीच्या मुलाखतीच्या शेवटच्या फेरीपर्यंत पोचली होती, आणि ती फेरी घरूनच, इंटरनेटवर व्हायची होती. मास्तरांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, ‘दोन वर्सं देल्ले तुले. हे झालं तं पुन्याले जाय. नाई झालं तं अंजनगावचे पाहुने तुले पाहाले येतीन, मंग नाई म्हनू नको.’ पोरीने मान्य केलं होतं. आता सगळं त्या एका तासावर होतं. राउटर होता बैठकीत, तिथे दिवसभर येणारे-जाणारे. तो आतल्या खोलीत नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण घराण्यात फायबरवाला मी एकटाच.

अकोल्याला पोचल्यावर जेवताना मी व्याख्यान दिलं. ते टाळता आलं असतं, पण साडभाऊ समोर बसलेले, आणि लग्नापासून मी त्यांच्यासमोर एकदा तरी हुशार दिसावं म्हणून टपलेलो.

‘सिंगल मोड फायबर म्हणजे सगळी एकच नसते, भाऊ,’ मी म्हणालो. ‘शहराशहरांतून जाते ती वेगळी. खांबावरून गल्लीत येते ती साधी, ६५२. सरळ रस्त्याला तिच्यासारखी गुणी नाही. पण तिला या वाटीच्या काठापेक्षा लहान वळण सोसत नाही. घरात कोपरे असतात. घरात पाहिजे ६५७. बोटाला गुंडाळा, उजेड जातो तिथे जातो.’

‘आन् साधी वाकवली तं?’

‘उजेड वळणावर बाहेर सांडतो.’

‘सांडते तं दिसत काहून नाई?’

‘तो डोळ्याला दिसणारा उजेड नाही, भाऊ.’

‘म्हंजे तुमी दिसत नाई तो उजेड इकता,’ मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो. भाची मात्र हसली नाही. तिने विचारलं, ‘६५७ ना, मावसाजी?’ मी म्हणालो, ‘६५७. आपल्या घरचं काम आहे.’

मग मी ती केबल भिंतीच्या कडेने नेली, चौकटीवरून काटकोनात वळवली, दिवाणामागच्या कोपऱ्यात क्लिपा ठोकून दाबून बसवली. वाकणारीच आहे म्हटल्यावर कशाला जपायचं? शेवटी उजेड मोजायचा मीटर लावला. उजेड मला हवा होता त्यापेक्षा बराच कमी आला. ते मी पाहिलं, कारण मीटरचे आकडे मोठे असतात. टोकाला धूळ असेल म्हणून पुसलं, पुन्हा पाहिलं, तितकाच. पण इंटरनेट चालत होतं, ताईंनी शिरा केला होता, आणि मला उजेडी अमरावतीला पोचायचं होतं. निघालो.

मुलाखतीच्या दिवशी काय झालं ते ताईंनी फोनवर सांगितलं. कॅमेऱ्यात मागचा पसारा दिसू नये म्हणून मायलेकींनी दिवाण भिंतीला सरकवला. पोरीने सुरुवात केली, दहा मिनिटं छान बोलली. मग ती जरा आरामात बसायला मागे सरली, दिवाण आणखी दोन बोटं सरकला, आणि राउटरच्या डब्यावर लाल दिवा लागला. आतल्या खोलीत मोबाइलला रेंज नाही. ती मोबाइल घेऊन गच्चीवर पळाली. उन्हात, वाऱ्यात पुन्हा जोडेपर्यंत समोरच्यांनी ‘झालं, कळवतो’ म्हणून उरकलं. काही कळवलं नाही.

मास्तरांनी गल्लीतल्या केबलवाल्याला फोनवर असं झोडपलं की तो धावत आला. त्याने खांबापासून बैठकीपर्यंत लाइन तपासली, ती ठणठणीत होती. आतल्या खोलीकडे त्याने पाहिलंच नाही, तिथे ‘जवाईबुवांचं’ काम होतं. मग मास्तरांनी हिशेब मांडला: लाइन ठीक, म्हणजे पोरगीच अडखळली. त्यांचे शब्द मला ताईंकडून कळले, ‘नाचता येईना, आंगन वाकडं.’

म्हण ऐकली आणि मला मीटरवरचा तो कमी आकडा आठवला. दुसऱ्या दिवशी अकोला गाठलं. या खेपेला चष्मा खिशात होता.

मास्तर बाजारात गेले होते. मी दिवाण ओढला, कोपऱ्यातली केबल सोडवली, चष्मा लावला. दोन. स्वच्छ, ठसठशीत, शाळेतल्या पाटीवरचा दोन. मी तो अंगठ्याने पुसून पाहिला, हेही सांगून टाकतो.

भाची दारात उभी होती. जवळ आली, वाकली आणि मोठ्याने वाचलं. तिला चष्मा लागत नाही.

‘मावसाजी, हे तं ६५२ हाये.’

‘हाव.’

‘तुमी ६५७ म्हनलं होतं.’

 मी नवी केबल बसवायला लागलो. या वेळी खरी सातची, तीनदा वाचलेली. ती क्लिपा हातात देत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

‘तुमी सांगा बाबांले,’ शेवटी ती म्हणाली. ‘मी सांगतलं तं म्हनतीन, निमित्त शोधून राहिली. तुमी सांगतलं तं आयकतीन. म्या आनखी दोन ठिकानी फॉर्म भरले हायेत. अंजनगाववाले रविवारी येऊन राहिले.’

‘सांगतो,’ मी म्हणालो.

मास्तर आले. त्यांनी चहा ठेवायला सांगितला. विचारलं, ‘काय निंगालं?’ मी कप उचलला, फुंकर मारली आणि म्हणालो, ‘काही नाही. टोक जरा सैल होतं. होतं कधी कधी.’

भाची ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा कप रिकामा झाल्यावर तो उचलला आणि आत गेली.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरपर्यंत मी स्वतःला पटवत आलो की टोकाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बडनेऱ्यापर्यंत तेही संपलं. केबलवाला शिव्या खाऊन बसला होता, पोरगी नालायक ठरली होती, आणि मी, आपल्या घरचं काम म्हणून छाती ठोकणारा, एकदा शिरा खाऊन, एकदा चहा पिऊन निघालो होतो. गंमत म्हणजे ती साधी केबल बिचारी वाकवल्यावर निदान लाल दिवा तरी लावते. मी तर कुठेही वाकतो आणि माझा दिवा हिरवाच राहतो.

घरी आलो. काढलेला तुकडा पिशवीत होता, तो बायकोने बाहेर काढला, खिडकीशी नेऊन वाचला. मी सगळं सांगितलं, चहाच्या फुंकरीसकट. मला वाटलं, ‘माझ्याच बहिणीच्या घरी?’ म्हणून ती आता भांडेल. ती भांडली नाही. तुकडा टेबलावर ठेवला, माझा मोबाइल माझ्यासमोर सरकवला.

‘रविवारच्या आधी नाई, आत्ता,’ ती म्हणाली. ‘पयले भाऊजीले लावा, मंग त्या केबलवाल्याले. आन् चष्मा घाला, नाईतं नंबरबी दोनाच्या जागी साताचा लावसान आन् म्हनसान, कोनी उचलला नाई.’